वरिष्ठांचा शब्द, कनिष्ठांचा मान

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)

आज मी आपणापुढे जो विषय मांडणार आहे तो व्यासपीठावर फारसा बोलला जात नाही. तो कॅन्टीनमध्ये, स्टँडवर, लोकलच्या डब्यात मात्र रोज बोलला जातो. साहेबाने हाताखालच्या माणसाशी अवघड गोष्ट कशी बोलावी, हा तो विषय होय. चूक दाखवायची आहे, रजा नाकारायची आहे, बढती मिळाली नाही हे सांगायचे आहे, ग्राहकाची तक्रार समोर ठेवायची आहे, अशा वेळी शब्द कोणते वापरावेत आणि कसे वापरावेत, एवढ्यापुरतेच मी बोलणार आहे.

मी व्यवस्थापनशास्त्र शिकलेला नाही. कला शाखेची पदवी घेऊन बँकेत कारकून म्हणून लागलो आणि आजही त्याच पदावर आहे. २०२४ च्या द्विपक्षीय करारानंतर आमच्या पदाला 'कस्टमर सर्व्हिस असोसिएट' असे भारदस्त नाव मिळाले; खुर्ची तीच राहिली. परंतु कारकुनाच्या खुर्चीला एक फायदा असतो. वर साहेब, खाली शिपाई-दफ्तरी आणि समोर ग्राहक, अशा तिन्ही बाजूंचे बोलणे त्याच्या कानावर पडते. कोणत्या शब्दाने माणूस सुधारतो आणि कोणत्या शब्दाने तो कायमचा मिटतो, हे त्याला दिसते. शिवाय आपल्या संस्थेतील कितीतरी सभासद आज शाखाधिकारी आहेत, मुख्याध्यापक आहेत, कार्यालय अधीक्षक आहेत. समोर बसलेले विद्यार्थीही उद्या कोणाचे तरी साहेब होणार आहेत. म्हणून हा विषय आपल्या घरचाच आहे असे मी मानतो.

न बोलण्याचे दुष्परिणाम

साहेब लोक फार बोलतात अशी आपली समजूत असते. वस्तुस्थिती उलट आहे. जे बोलायला हवे ते बहुतेक साहेब बोलतच नाहीत. कोणाला संकोच वाटतो. कोणाला युनियनची भीती वाटते. कोणी म्हणतो, तीन वर्षांनी आपली बदली होणार आहे, कशाला वाईटपणा घ्या? मग ती गोष्ट मनात साठत जाते आणि एखाद्या दिवशी क्षुल्लक कारणावरून भर काउंटरवर स्फोट होतो. वर्षभराचा राग पाच मिनिटांत बाहेर पडतो. ऐकणाऱ्याला वाटते, एवढ्याशा चुकीसाठी एवढे बोलणे? मागच्या अकरा महिन्यांचा हिशेब त्याला कोणी दिलेलाच नसतो.

दुसरा प्रकार 'लेकी बोले सुने लागे' हा. स्टाफ मीटिंगमध्ये साहेब छताकडे पाहून म्हणतात, "आपल्याकडे काही लोकांना वेळेचे भान राहिलेले नाही." काही लोक म्हणजे कोण, हे सर्वांना ठाऊक असते. ज्याच्यासाठी ते वाक्य आहे तो चारचौघांत खाली मान घालतो. आणि जे वेळेवर येतात तेही अकारण दुखावतात. साहेबांना मात्र वाटते, आपण कोणाचे नाव न घेता काम साधले.

तिसरा प्रकार सर्वांत घातक आहे. तोंडावर गोड बोलायचे आणि गोपनीय अहवालात लिहायचे. ज्याच्याविषयी लिहिले त्याला पत्ताच नाही. तो पाच वर्षे त्याच चुका करीत राहतो आणि बढतीच्या वेळी यादीत नाव दिसत नाही तेव्हा त्याचे डोळे उघडतात.

याबाबत सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल लक्षात ठेवण्यासारखा आहे. सीमा सडक अभियांत्रिकी सेवेतील एका अभियंत्याला एका वर्षाच्या गोपनीय अहवालात 'चांगला' असा शेरा मिळाला होता. वरवर पाहता त्यात वाईट काय? पण बढतीसाठी 'अति चांगला' हा शेरा आवश्यक होता. तो एक शेरा त्याला कळविलाच गेला नव्हता आणि त्यामुळे बढती हुकली. देव दत्त विरुद्ध भारत सरकार या खटल्यात न्यायालयाने २००८ साली सांगितले की, शेरा चांगला असो वा वाईट, प्रत्येक शेरा संबंधित कर्मचाऱ्याला कळविला पाहिजे, म्हणजे त्याला त्यावर आपले म्हणणे मांडता येईल. पुढे २०१३ साली सुखदेव सिंग खटल्यात न्यायालयाच्या मोठ्या पीठाने तेच तत्त्व कायम केले. मित्रहो, या निकालामागचा साधा अर्थ असा की, माणसाविषयी जे लिहायचे ते आधी त्याच्यासमोर बोलता आले पाहिजे.

कायदा शेवटी जे मागतो

दुसऱ्याची बाजू ऐकल्याशिवाय निर्णय करू नये, हे नैसर्गिक न्यायाचे तत्त्व आहे. आपल्या संविधानाच्या अनुच्छेद ३११ मध्ये सरकारी सेवकाला बडतर्फ करण्यापूर्वी, काढून टाकण्यापूर्वी किंवा पदावनत करण्यापूर्वी त्याच्यावरील आरोप त्याला कळवावेत आणि त्याला आपले म्हणणे मांडण्याची वाजवी संधी द्यावी, असे सांगितले आहे. बँक कर्मचाऱ्यांना तो अनुच्छेद लागू नाही. परंतु आमच्या द्विपक्षीय करारांत आरोपपत्र, खुलासा आणि चौकशी यांची रीत ठरलेली आहे.

कारखान्यांच्या बाबतीत १९४६ चा औद्योगिक रोजगार (स्थायी आदेश) कायदा महत्त्वाचा ठरला. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते; त्यांच्याच कारकिर्दीत हा कायदा झाला. शंभर किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या आस्थापनांनी कामाच्या वेळा, रजा, गैरवर्तन कशाला म्हणायचे, त्यावर कारवाई कशी होईल, हे सारे लेखी ठरवून कामगारांना कळवावे, असे बंधन त्याने घातले. त्यापूर्वी मुकादमाची लहर हाच नियम असे. पुढे हा कायदा २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत सामावला गेला आणि शंभरची मर्यादा तीनशेवर गेली. ती का गेली, योग्य की अयोग्य, हा आजचा विषय नाही. मला सांगायचे आहे ते एवढेच की, नियम आधी कळवा, आरोप स्पष्ट सांगा, ऐकून घ्या आणि मग ठरवा, या चार पायऱ्या कायदा मागतो.

पण कायदा येतो तो अगदी शेवटी, नोकरी जाण्याची वेळ आल्यावर. त्याच चार पायऱ्या साहेबाने पहिल्याच दिवशी, केबिनमध्ये, पाच मिनिटांच्या बोलण्यात पाळल्या तर आरोपपत्रापर्यंत जाण्याची पाळी बहुधा येत नाही. वाट तीच आहे. सुरुवातीला ती माणुसकीने चालायची की शेवटी वकिलाबरोबर, एवढेच ठरवायचे असते.

बोलावे कसे?

आता प्रत्यक्ष बोलण्याकडे वळतो.

पहिली गोष्ट तयारीची. "लोक सांगतात", "माझ्या कानावर आले आहे", अशा पायावर बोलू नये. हजेरीपट पाहावा, व्हाउचर पाहावे, तक्रारीचा अर्ज स्वतः वाचावा. आकडा हाती असला की आवाज चढवावा लागत नाही.

दुसरी गोष्ट स्थळ-काळाची. चूक एकट्याला सांगावी, शाबासकी चारचौघांत द्यावी. काउंटरवर ग्राहक उभे असताना, कॅश मिळविण्याच्या गडबडीत, किंवा माणूस रजेवर निघाला असताना विषय काढू नये. केबिनचे दार लोटून घ्यावे, त्याला बसायला सांगावे. स्वतः खुर्चीत रेलायचे आणि समोरच्याला उभे ठेवायचे, ही साहेबी पद्धत झाली. तिच्यात संवाद होत नाही.

तिसरी गोष्ट, दोष कामाला द्यावा, माणसाला देऊ नये. "तुम्ही बेजबाबदार आहात" या वाक्यावर कोणी काय उत्तर देणार? तो फक्त भांडू शकतो. त्याऐवजी, "या महिन्यात सहा दिवस आपण साडेदहानंतर आलात, त्यामुळे दहा वाजता काउंटर उघडता आले नाही", असे म्हटले तर त्यात सुधारण्याजोगी वस्तू दिसते. सहाचा आकडा चूक असेल तर तो तसे सांगू शकतो. बरोबर असेल तर त्याला तो मान्य करावाच लागतो.

चौथी गोष्ट, आधी विचारावे. उशिराचे कारण झोप असेल, लोकल असेल, किंवा घरी आईला आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यावे लागत असेल. विचारल्याशिवाय कसे कळणार? मात्र ऐकून घेणे म्हणजे सोडून देणे नव्हे. कारण खरे असले तरी दहा वाजता काउंटर उघडायचेच आहे. म्हणून शेवटी दोघांनी मिळून ठरवावे: आठवड्यातील ते तीन दिवस दुसऱ्या सहकाऱ्याशी कामाची अदलाबदल होईल का? किती दिवसांसाठी? पुन्हा केव्हा बसून पाहायचे? जे ठरले ते दोन ओळींत लिहून ठेवावे आणि ठरलेल्या दिवशी खरोखरच पुन्हा विचारावे. सुधारणा झाली असेल तर तसे तोंडाने सांगावे. पुष्कळ साहेब चूक सांगतात, पण ती सुधारल्याचे कधीच सांगत नाहीत.

पाचवी गोष्ट नकाराची. रजा देता येत नसेल, बदली थांबविता येत नसेल, तर तसे स्पष्ट सांगावे. "बघू", "वर पाठवतो", "माझ्या हातात असते तर", असे म्हणून माणसाला महिनोन् महिने लोंबकळत ठेवणे यात दया नाही. नकाराचे कारण सांगावे आणि तो निर्णय आपलाच असेल तर वरच्या ऑफिसच्या नावावर खपवू नये. खोटे फार दिवस लपत नाही आणि ते उघडे पडले की साहेबाचा पुढचा खरा शब्दही कोणी मानीत नाही.

मी पाहिलेले एक उदाहरण सांगतो. एका शाखेत संध्याकाळी कॅशमध्ये चार हजार रुपये कमी आले. कॅशियर मुलगा नवीन, नोकरीला सहा महिनेही झाले नव्हते. कॅश कमी आली की ती भरण्याची जबाबदारी कॅशियरची असते हे आपणांस ठाऊक असेल. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. आजूबाजूला कुजबुज सुरू झाली. शाखाधिकारी बाहेर आले, बाकीच्यांना आपापले काम आवरून घरी जायला सांगितले आणि त्या मुलाशेजारी स्टूल ओढून बसले. "कुठे गेले पैसे?" असे त्यांनी विचारले नाही. ते म्हणाले, "चारशेच्या पटीत फरक आला की शंभराच्या जागी पाचशेची नोट गेली का ते पाहायचे. दहा नोटा गेल्या असतील. आज शंभराच्या दहा नोटा कोणाला दिल्या, चला व्हाउचर काढू." मोजणी केली तेव्हा पाचशेच्या दहा नोटा कमी आणि शंभराच्या दहा जास्त निघाल्या. एक हजार रुपये काढणाऱ्या एका वृद्ध पेन्शनधारकाची स्लिप सापडली. फोन लावला, दुसऱ्या दिवशी त्या गृहस्थांनी पैसे आणून दिले. त्यानंतर शाखाधिकाऱ्यांनी त्या मुलाला केबिनमध्ये बोलावून स्पष्ट सांगितले, "नोटा देण्यापूर्वी दोनदा मोजायच्या आणि स्लिपच्या मागे नोटांचा तपशील लिहायचा. काल तुम्ही लिहिला नव्हता. पुन्हा असे झाले तर मला लेखी विचारावे लागेल." चूक लपविली नाही, कमीही केली नाही, पण त्याच्या प्रामाणिकपणावर शिंतोडा उडू दिला नाही. तो मुलगा आज त्या भागातील उत्तम कॅशियर समजला जातो.

अरे-तुरे आणि अहो-जाहो

आपल्या भाषेत आणखी एक गोष्ट आहे. चाळिशीचा साहेब पंचविशीच्या अधिकाऱ्याला 'अहो' म्हणतो आणि पंचावन्न वर्षांच्या शिपायाला 'अरे' म्हणतो. चहा हवा असला की 'मामा', आणि फाईल सापडली नाही की "ए, इकडे ये." हा फरक वयाचा नाही, पगाराचाही नाही, तो कशाचा आहे हे या सभागृहात मी समजावून सांगण्याची गरज नाही. कोणतीही अवघड गोष्ट बोलण्यापूर्वी वरिष्ठाने आपले संबोधन तपासावे. 'तुम्ही' म्हणून कठोर बोललेले माणूस सहन करतो. 'तू' म्हणून केलेली थट्टाही कित्येकदा जन्मभर टोचते.

आपल्या मुलांपुढील प्रश्न

आता जे बोलणार आहे ते सर्वांत महत्त्वाचे आहे असे मला वाटते. आपल्या समाजातील कितीतरी मुले-मुली त्यांच्या घरातील पहिले नोकरदार आहेत. कार्यालयातले इंग्रजी पत्र कसे लिहावे, फाईल कशी सादर करावी, हे त्यांना वडिलांकडून शिकायला मिळालेले नसते. ते शिकविणारा पहिला माणूस म्हणजे त्यांचा साहेब. अशा मुलाच्या वाट्याला दोन प्रकारचे साहेब येतात.

एक साहेब प्रत्येक चुकीवर 'कोट्यातून आलेले' असा टोमणा मारतो. चूक एका व्हाउचरची, शिक्षा साऱ्या जातीला! यात सुधारणा कोणाची होणार? सार्वजनिक दृष्टीसमोर जातीवरून हेतुपुरस्सर अपमान करणे हा १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे, हे तर प्रत्येक वरिष्ठाने लक्षात ठेवावेच.

दुसरा साहेब सज्जन असतो, पण घाबरलेला असतो. "याला काही बोललो तर हा तक्रार करील", असे म्हणून तो त्याची चूक दाखवीतच नाही. त्याचे मसुदे स्वतःच दुरुस्त करून पाठवून देतो. त्या मुलाला वाटते, साहेब किती चांगले! पण पाच वर्षांनी मुलाखतीत त्याला साधी टिप्पणी लिहिता येत नाही आणि तो मागे पडतो. पहिल्या साहेबाने त्याचा मान घेतला, दुसऱ्याने त्याचे भवितव्य घेतले. दुसऱ्याची हानी दिसत नाही, म्हणून ती अधिक चालते. आपल्या माणसाला चूक आदराने आणि स्पष्टपणे सांगणारा साहेब मिळणे, हा त्याचा हक्क आहे.

आणि आपल्यातील जे सभासद आज स्वतः खुर्चीवर आहेत, त्यांना एक नम्र विनंती. आपण निःपक्षपाती आहोत हे दाखविण्यासाठी आपल्याच माणसावर अधिक कडक होऊ नका. आणि आपला म्हणून त्याच्या चुकांवर पांघरूणही घालू नका. दोन्हींत त्याचे नुकसान आहे. हजेरीपट सर्वांसाठी एकच ठेवा.

जेथे बोलून भागत नाही

काही गोष्टी केबिनमधील बोलण्याने मिटवायच्या नसतात, हेही समजून घेतले पाहिजे. अफरातफरीचा संशय आला तर ती बाब रीतसर वरच्या कार्यालयाला कळवावीच लागते. महिला सहकाऱ्याने लैंगिक छळाची तक्रार केली तर "जाऊ द्या, मी त्यांना समजावतो", असे म्हणण्याचा अधिकार कोणत्याही साहेबाला नाही. २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असली पाहिजे. तक्रार लेखी आणि साधारणतः घटनेपासून तीन महिन्यांच्या आत करायची असते. समेट करायचा तर तोही त्या महिलेनेच मागितला तर, आणि पैशांच्या देवघेवीवर तो होऊ शकत नाही.

कर्मचारी दारूच्या आहारी गेला असेल किंवा मनाने खचला असेल, तर तेथे उपदेशापेक्षा उपचार हवेत. त्याच्या घरच्यांशी त्याच्या संमतीने बोलावे, डॉक्टरांकडे जाण्यासाठी रजा द्यावी. २०२२ साली केंद्र सरकारने 'टेलि-मानस' ही मानसिक आरोग्य सेवा सुरू केली. तिचा क्रमांक १४४१६ आहे. तो प्रत्येक कार्यालयाच्या सूचना फलकावर असावा.

ऐकणाऱ्याचे कर्तव्य

विद्यार्थी मित्रहो, उद्या तुम्ही नोकरीला लागाल तेव्हा प्रथम तुम्ही ऐकणारे असाल. साहेबाने चूक दाखविली तर लगेच सबब सांगू नका. "नेमके काय चुकले ते मला दाखवाल का?" असे विचारा. या एका प्रश्नाने खरा साहेब शिकवू लागतो आणि उगाच बोलणारा साहेब गप्प होतो. मेमो आला तर घाबरून ड्रॉवरमध्ये टाकू नका. मुदतीत लेखी खुलासा द्या आणि त्याची पोच घ्या. वाचल्याशिवाय कोणत्याही कागदावर सही करू नका. अडचण आली तर अनुभवी सहकाऱ्याचा, संघटनेचा सल्ला घ्या. आणि अपमान झाला तर तारीख, वेळ, शब्द आणि साक्षीदार त्याच दिवशी लिहून ठेवा. रागापेक्षा नोंद अधिक उपयोगी पडते.

ही सवय नोकरी लागल्यावर लावू म्हटले तर लागत नाही. वसतिगृहात खोलीतल्या मित्राशी, मंडळात कार्यकर्त्याशी, घरात धाकट्या भावंडाशी आपण कसे बोलतो, तेथेच तिची सुरुवात होते. आपल्या संस्थेतही हिशेब उशिरा देणारा कोषाध्यक्ष असतो, बैठकीला न येणारा सदस्य असतो. त्यांच्याविषयी चहाच्या टपरीवर आपण किती बोलतो आणि त्यांच्यासमोर किती बोलतो, हे प्रत्येकाने मनाशी तपासून पाहावे.